सल्ला हवा: संस्थेचा अनुदान-प्रस्ताव लिहायला एआय, महिना ५०० रुपयांत (इंदूर)

रामबागची_ताई | सोमवार, रात्री ८.५०

नमस्कार. आमची छोटी संस्था आहे, मध्यप्रदेशच्या १९७३च्या सोसायटी कायद्याखाली नोंदलेली. पाटनीपुऱ्याच्या पुढच्या वस्तीत दोन खोल्यांत संध्याकाळची अभ्यासिका चालते. पाचवी ते दहावीची ६२ मुलं आणि शिकवायला दोन ताया, त्यांना मानधन देतो. बऱ्याच मुलांचे आजोबा मिलमध्ये होते. मिल बंद पडल्या तेव्हापासून घरं हातावरच्या कामांवर चालतात.

आजवर ओळखीच्यांच्या देणग्यांवर भागलं. या वर्षी खोल्यांचं भाडं वाढलं आणि दोन जुने देणगीदार वारले. पीथमपूरच्या एका कारखान्याच्या सीएसआरकडे (कंपन्यांचा समाजकामाचा निधी) वर्षाचा साडेतीन लाखांचा प्रस्ताव द्यायचा आहे. मुदत २० तारखेची. १२ए, ८०जी, दर्पण, सीएसआर-१ या लागणाऱ्या नोंदण्या सगळ्या आहेत, फक्त लिहिणारं माणूस नाही. हिशेब, बैठका, मुलं सगळं मीच बघते. इंग्रजी वाचता येतं, लिहिताना हात अडतो. भाचा म्हणतो एआयकडून लिहून घे.

कुठलं घ्यावं? महिना ५०० रुपयांच्या वर जाता येणार नाही, तेही माझ्याच खिशातून. जुने अहवाल हिंदीत, कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेले आहेत, ते त्याला कळतील का? आणि एआयने लिहिलंय हे कंपनीला कळलं तर प्रस्ताव बाद करतात का?

छप्पनकर | सोमवार, रात्री ९.१५

ताई, विचार करू नका, सरळ चॅटजीपीटी प्लस घ्या. महिन्याला १,९९९ लागतात पण पैसे वसूल आहेत. मी वर्षभरापासून दुकानाची सगळी पत्रं, व्यापाऱ्यांना उत्तरं त्यातूनच करून राहिलो. पहिल्या महिन्यातच एक अडकलेली उधारी निघाली, इतकं चांगलं पत्र लिहून दिलं त्यानं. लॅपटॉप जुना असेल तर तोही बदलून घ्या, जुन्यावर फार अडकतं.

बडोदेवाली_माई | सोमवार, रात्री ९.३०

आमचं महिला मंडळ दांडिया बाजारात आहे, मागच्या वर्षी आम्हाला नऊ लाख मिळाले, म्हणून अनुभवाने सांगते. नोटबुकएलएम वापरा. गूगलचं आहे, फुकट आहे. त्यात आपले अहवाल, ऑडिट, घटना, जुने प्रस्ताव टाकायचे आणि मग विचारायचं. ते आपल्याच कागदांतून उत्तर देतं आणि कुठल्या कागदातल्या कुठल्या ओळीवरून दिलं तेही दाखवतं, बोट ठेवलं की ती ओळ उघडते. बाकीच्या बॉटसारखं जगभरचं आणून घालत नाही.

चॅरिटी कमिशनरचं प्रमाणपत्र पहिल्या पानाला जोडायला विसरू नका. आमचं एकदा त्यावरूनच अडलं होतं.

निवृत्त_हिशेबनीस | सोमवार, रात्री १०.०५

माई, चॅरिटी कमिशनर गुजरात-महाराष्ट्रात. इथे सोसायटीची नोंद फर्म्स आणि संस्थांच्या रजिस्ट्रारकडे असते. ताईंना नसलेला कागद शोधायला लावू नका.

रामबाग ताई, लिखाण नंतर, आधी अंदाजपत्रक. आमच्या मंडळाच्या तरुण चिटणीसाने मागच्या वर्षी एका चॅटबॉटकडून खर्चाचा तक्ता करून घेतला. दिसायला सुरेख, रकाने सरळ, खाली एकूण बेरीज ठळक अक्षरांत. मी सवयीने पेन्सिलने बेरीज केली तर ११,००० चा फरक. ओळी सगळ्या बरोबर होत्या, बेरीज तेवढी चुकीची. तो कागद तसाच गेला असता तर वाचणाऱ्याने पुढचं पानही उलटलं नसतं. तक्ता एक्सेलमध्ये सूत्र घालून करा आणि मग एकदा हातानेही मोजा. आणि इथे टाका, मी बघून देतो.

लष्करकर | सोमवार, रात्री १०.४०

ग्वाल्हेरहून लिहितोय. आमच्यावर जे बेतलं ते सांगतो, म्हणजे तुमच्यावर येणार नाही.

आरोग्य शिबिरांचा प्रस्ताव होता. ‘गरज’ या भागात वस्तीची लोकसंख्या, साक्षरता, मुलींचं शाळा सोडण्याचं प्रमाण हवं होतं. बॉटने दोन मिनिटांत लिहून दिलं, प्रत्येक आकड्यापुढे ‘जनगणना २०२१ नुसार’. दशांशापर्यंत आकडे. आम्ही चौघांनी वाचलं, चौघांनी मान डोलावली. देणाऱ्या संस्थेच्या बाईंनी फोन करून एवढंच विचारलं, ही २०२१ची जनगणना तुम्हाला कुठे मिळाली?

२०२१ची जनगणना झालीच नाही. करोनात राहिली ती राहिलीच. शेवटची २०११ची. म्हणजे आमच्या पानावरचा प्रत्येक आकडा कुणीतरी रचलेला होता आणि खाली सही माझी होती. त्या बाई सभ्य होत्या, दुरुस्त करून पाठवा म्हणाल्या. पण त्या वर्षी पैसे आले नाहीत आणि पुढच्या वर्षी त्यांच्या दारात जायला माझाच पाय उचलला नाही.

छप्पनकर | सोमवार, रात्री १०.५५

फुकटवालं वापरलं असेल. पैसे भरलेल्यात असं होत नाही.

लष्करकर | सोमवार, रात्री ११.०२

पैसे भरलेलंच होतं.

मालव्यातला_मास्तर | मंगळवार, सकाळी ७.२०

जनगणनेचं लष्करकरांचं बरोबर, पण मग लिहायचं काय? २०११ला इंदूर जिल्हा ३२.७७ लाखांचा होता. त्यानंतर शहर बायपासच्या पलीकडे गेलं. पुढची मोजणी २०२७ची. तोवर जुनाच आकडा साल लिहून द्यावा, ‘२०११नुसार’ म्हणून. त्यात कमीपणा नाही.

आणखी एक. हे बॉट शिक्षणाचं काहीही विचारलं की ‘असर’चा अहवाल पुढे करतात. असर ग्रामीण भागाचं सर्वेक्षण आहे. पाटनीपुऱ्याच्या वस्तीसाठी असरचे आकडे दिले की माहितगार माणसाला लगेच खटकतं. माझ्यासमोर दोन संस्थांनी ही चूक केली आहे.

बडोदेवाली_माई | मंगळवार, सकाळी ८.४०

म्हणूनच म्हणते, नोटबुकएलएम. आपल्या कागदांत असर नसेल तर असर सहसा येणार नाही. आम्हाला नऊ लाख उगाच नाही मिळाले.

नवलखा_नितीन | मंगळवार, सकाळी १०.१०

एवढा खटाटोप कशाला? प्रस्ताव लिहून देणारे लोक आहेत इंदुरात. ४० हजार घेतात, नाहीतर मिळालेल्या रकमेच्या दहा टक्के. आधी काही द्यावं लागत नाही. पैसे आले तरच द्यायचे. परवडणाऱ्यांनी एआयच्या नादी लागू नये.

निवृत्त_हिशेबनीस | मंगळवार, सकाळी १०.३५

दहा टक्क्यांवर अजिबात जाऊ नका. साडेतीन लाखांतले पस्तीस हजार हिशेबात कुठे दाखवणार? कंपनीने पैसे मुलांसाठी दिले. वापर प्रमाणपत्रावर सनदी लेखापालाची सही असते. ‘प्रस्ताव लिहिणाऱ्याचा हिस्सा’ असा रकाना कुठल्याच मंजूर अंदाजपत्रकात नसतो. मग माणसं तो स्टेशनरीत लपवतात. आमच्या एका जुन्या स्नेह्यांनी असंच केलं आणि पुढची तीन वर्षं खुलासे देत बसले.

नवलखा_नितीन | मंगळवार, सकाळी १०.५०

सगळेच लपवतात असं नाही काका. ठरावीक रक्कम ठरवून, पावती घेऊन काम करणारेही आहेत. माझी वहिनी करते.

निवृत्त_हिशेबनीस | मंगळवार, सकाळी ११.०५

पावती घेऊन ठरावीक रकमेत असेल तर माझी हरकत नाही. हरकत टक्क्यांना आहे.

रामबागची_ताई | मंगळवार, दुपारी २.३०

सगळ्यांचे आभार. ४० हजार आणि १,९९९ दोन्ही मला शक्य नाही, वर लिहिलंच आहे. काकांच्या सांगण्यावरून तक्ता टाकते:

दोन तायांचं मानधन, ८,००० प्रमाणे, १२ महिने: १,९२,०००
भाडं ६,५०० प्रमाणे: ७८,०००
वह्या-पुस्तकं, मुलामागे ६००: ३७,२००
वीज, झाडलोट वगैरे १,२०० प्रमाणे: १४,४००
इन्व्हर्टर आणि बॅटरी: २८,४००

भाच्याने काल फुकटच्या बॉटला हेच दिलं तर त्याने खाली लिहिलं की मानधन हा प्रशासकीय खर्च आहे आणि तो २० टक्क्यांच्या आत हवा. तसं असेल तर माझं सगळंच कोसळतं, कारण मानधनच निम्म्याहून जास्त आहे.

आणि जुने अहवाल त्याला वाचता आले नाहीत. काहीतरी भलतंच दिसतंय म्हणाला.

निवृत्त_हिशेबनीस | मंगळवार, दुपारी ३.१०

बेरीज ३,५०,०००. बरोबर आहे, दोनदा केली.

मानधनाबद्दल, मला वाटतं मर्यादा ५ टक्क्यांची आहे, २०ची नाही. म्हणजे तुमची अडचण आणखीच वाढते. कंपनीला पत्र लिहून विचारा.

सीएसआर_समितीतून_निवृत्त | मंगळवार, सायंकाळी ६.००

काका, क्षमा करा, दोन्ही आकडे इथे लागू नाहीत. हे वाचून ताईंनी मानधन कमी करू नये म्हणून सविस्तर लिहितो.

२० टक्के ही मर्यादा एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याची. परदेशी देणगीतला प्रशासकीय खर्च आधी ५० टक्क्यांपर्यंत चालायचा, २०२०च्या दुरुस्तीत २० झाला. ताईंकडे परदेशी पैसा नाही, विषय संपला. ५ टक्के हे सीएसआर नियमांतलं, पण ते कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चासाठी आहे, म्हणजे तिचा सीएसआर विभाग चालवायला लागतं ते. अभ्यासिकेत शिकवणाऱ्या ताईचं मानधन हा प्रकल्पाचाच खर्च. शिकवणं हेच काम असेल तर शिकवणारी प्रशासन कशी होईल? तक्त्यात ‘मानधन’ एवढंच न लिहिता ‘दोन शिक्षिका, आठवड्याला सहा दिवस, रोज अडीच तास’ असं लिहा, म्हणजे प्रश्नच येणार नाही.

मी पीथमपूरच्या एका कारखान्यात होतो, शेवटची काही वर्षं प्रस्ताव वाचायला माझ्याकडे यायचे. एआयने लिहिलं म्हणून आम्ही एकही बाद केला नाही आणि ओळखायला यंत्रही लागत नसे. एका दुपारी सात प्रस्ताव वाचले तर पाचांत पहिलं वाक्य एकच, ‘वंचित घटकांचा सर्वांगीण विकास आणि सक्षमीकरण’. पुढे दोन पानं वाचूनही ही संस्था राऊला आहे की देपालपूरला ते कळत नाही. साडेतीन लाखांच्या कामात त्रयस्थ संस्थेकडून परिणाम-मूल्यमापन करून देऊ असंही लिहिलेलं असतं. ते बंधन सरासरी १० कोटी किंवा त्याहून जास्त सीएसआर असलेल्या कंपन्यांना, एक कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांसाठी आहे. छोट्या संस्थेने ते कबूल केलं की ती तिथेच फसते.

कायद्यात कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं आहे. तेव्हा कारखान्यातले किती कामगार तुमच्या वस्तीत राहतात, हे माहीत असेल तर लिहा. पहिल्या अर्ध्या पानावर काय करता, कुठे, किती मुलं, किती पैसे. बाकी मागाहून.

ताई, एक विचारतो. तुमच्याकडे रोजचं काय लिहिलेलं आहे? अहवाल नाही, रोजचं.

सॉफ्टवेअरवाला_सुदामानगर | मंगळवार, रात्री ८.१५

कृतिदेवचं सांगतो. तो युनिकोड नाही. आपल्याला पडद्यावर हिंदी दिसतं, पण फाइलच्या आत सगळी इंग्रजी अक्षरं असतात, फक्त त्यांना देवनागरीचे चेहरे चढवलेले असतात. बॉट चेहरा बघत नाही, आतलं वाचतो, म्हणून त्याला खिचडी दिसते. कृतिदेव ते युनिकोड असं शोधलं की फुकट कन्व्हर्टर मिळतात. मजकूर चिकटवा, बदलून घ्या, पण नंतर नजर घाला. ऱ्हस्व इकार आणि रफार जागा सोडतात, ‘कार्यक्रम’चं काहीतरी वेगळंच होतं. किंवा छापील प्रत असेल तर फोटो काढून गूगल लेन्सने मजकूर उचला, ते सोपं पडेल.

अक्षरमर्यादाही सांभाळा. कंपन्यांच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये ‘एक हजार अक्षरं, मोकळ्या जागा धरून’ असं असतं. आमच्या सोसायटीच्या अर्जात बॉट म्हणाला ९८० झाली, प्रत्यक्षात ११४० होती. फॉर्मने शेवट गुपचूप कापला आणि कापलेल्या भागातच आमची मागणी होती. वर्डमध्ये मोजा.

वस्तीतली_वकील | मंगळवार, रात्री ९.००

कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलते. ताई, मुलांची नावं, फोटो, आधार, शाळेचं नाव, आईवडिलांचं काम यातलं काहीही कुठल्याही बॉटमध्ये टाकू नका. ६२ही मुलं अठराच्या आतली आहेत. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. कायदा बाजूला ठेवला तरी ते मूल आपल्या भरवशावर आलंय. ‘मूल १’, ‘मूल २’ असं करा आणि यादी वहीत ठेवा. चॅटजीपीटीच्या सेटिंगमध्ये आपला संवाद प्रशिक्षणासाठी वापरू द्यायचा की नाही याचं बटण आहे, ते आधी बंद करा. इतर ठिकाणीही शोधा.

बडोदेवाली_माई, तुम्ही अहवाल टाकता म्हणालात, त्यात लाभार्थींची नावं असतात का?

बडोदेवाली_माई | मंगळवार, रात्री ९.२५

असतात. विधवा निधीच्या यादीत नावं आणि पत्ते दोन्ही आहेत. हे लक्षातच आलं नव्हतं. आजच काढते.

रामबागची_ताई | बुधवार, सकाळी ६.४०

निवृत्त साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर. रोजचं म्हणजे हजेरीची वही. लाल कापडी बांधणीची मोठी वही, दर वर्षी एक, अशा चौदा आहेत. शिकवणाऱ्या दोघींतल्या मोठ्या ताईंनी पहिल्यापासून एक सवय ठेवली, मूल आलं नाही की दुसऱ्या दिवशी विचारायचं आणि शेवटच्या रकान्यात एका शब्दात लिहायचं. ‘ताप’. ‘गावी’. ‘आईसोबत कामावर’. ‘केटरिंग’. ‘नर्मदा’.

केटरिंग म्हणजे आठवी-नववीची मुलं लग्नसराईत वाढप्याचं काम करायला जातात, रात्री दोनला येतात. नर्मदा म्हणजे पाणी. नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं आणि आमच्या गल्लीत वेळ संध्याकाळची आहे. मुली भरायला थांबतात.

काल रात्री एक महिन्याचं पान नावं काढून, क्रमांक घालून टाइप केलं आणि फुकटच्या बॉटला दिलं, कारणं मोजून दे म्हटलं. त्याने ‘नर्मदा’ ही एक विद्यार्थिनी धरली आणि ही मुलगी फार अनियमित आहे, तिच्या पालकांना भेटा, असा सल्ला दिला.

सीएसआर_समितीतून_निवृत्त | बुधवार, सकाळी ९.३०

ताई, हाच तुमचा प्रस्ताव आहे.

मोठ्या मुली एक दिवसाआड येत नाहीत आणि त्याचं कारण पाणी आहे, हे चौदा वर्षं वहीत लिहिलेलं असणं म्हणजे काय हे तुमच्या लक्षात येतंय का? मी वाचलेल्या शेकडो कागदांत असं काही नव्हतं. पाण्याच्या दिवशी मुलींचा वर्ग उशिरा घेतला तर? त्यासाठी इन्व्हर्टर का लागतो, ते आपोआप समजतं. लग्नसराईत मोठ्या मुलांना सकाळची तुकडी दिली तर? हे लिहा. तीन महिन्यांचे आकडे मोजून लिहा.

छप्पनकर | बुधवार, सकाळी ९.५०

नर्मदेची चूक प्लसवाल्यात झाली नसती असं मला अजूनही वाटतं. पण वही खरंच जोरदार आहे ताई. मी पण मालवा मिलच्या गल्लीतच वाढलो. तुमच्या ताई विचारतात तसं आमच्याकडे कुणी विचारायला आलं असतं तर बरं झालं असतं.

मालव्यातला_मास्तर | बुधवार, दुपारी १२.१५

हुकुमचंद मिल १९९१ला बंद पडली आणि कामगारांची थकबाकी मिळायला २०२३चा डिसेंबर उजाडला. त्यात किती जण वाट बघत गेले. ताई, मुलांचे आजोबा त्या मिलमधले असतील तर ते एका ओळीत लिहा. वस्ती अशी का आहे, हे त्या एका ओळीत कळेल.

प्रश्नावली_पद्मा | बुधवार, दुपारी ३.००

मी समाजकार्याची विद्यार्थिनी. आम्ही बॉटला लिहायला सांगत नाही, विचारायला सांगतो. हे तसंच्या तसं चिकटवून बघा, फुकटात चालतं:

‘तू कंपनीच्या सीएसआर समितीचा सदस्य आहेस. माझा प्रस्ताव लिहू नकोस. मला एका वेळी एकच प्रश्न विचार. मी मराठीत उत्तर देईन. उत्तरात आकडा नसेल तर आकडा माग. एखादा शब्द कळला नाही तर अर्थ विचार, अंदाज करू नकोस. स्वतःहून कुठलाही आकडा, अहवाल किंवा कायदा घालू नकोस. वीस प्रश्न झाले की माझ्या उत्तरांत काय सुटलं ते सांग.’

मग ती उत्तरं जोडून मसुदा होतो. इंग्रजी करायचं काम शेवटी त्याच्याकडे द्यायचं. वाक्य तुमचंच राहतं.

नवलखा_नितीन | बुधवार, दुपारी ३.४०

इंग्रजीवर मात्र पैसे खर्च करा ताई. सीएसआर म्हटलं की इंग्रजीच लागतं, मुंबईच्या मुख्य कार्यालयात जातं सगळं. वहिनी तुमच्यासाठी पाच हजारात भाषांतर करून देईल.

सॉफ्टवेअरवाला_सुदामानगर | बुधवार, दुपारी ४.०५

इंग्रजी हवंच, पण पाच हजार नकोत. एआयचं भाषांतर पुरेसं आहे, कुणीतरी एकदा वाचलं की झालं. मी वाचून देईन.

बडोदेवाली_माई | बुधवार, सायंकाळी ५.२०

इंग्रजीच द्या. आमचेही सगळे इंग्रजीत होते. आणि सगळ्या चौदा वह्या टाइप करून नोटबुकएलएममध्ये टाका, नावं काढून. पुढच्या दहा वर्षांची सोय होईल.

रामबागची_ताई | रविवार, रात्री ९.१०

उशिरा लिहितेय, आठवडा धावपळीत गेला. काल प्रस्ताव दिला.

शेवटी काहीच विकत घेतलं नाही. पद्माताईंचा मजकूर फुकटच्या बॉटमध्ये घातला आणि तीन संध्याकाळी त्याच्या प्रश्नांची उत्तरं दिली. प्रश्न चांगले होते. ‘मुलगी दहावीनंतर कुठे जाते हे तुम्ही लिहून ठेवता का?’ असा एक होता आणि ते आम्ही ठेवत नाही. आता ठेवू. पण मसुदा त्याला करू दिला नाही, भाषांतरही नाही. दोन दिवस रात्री बसून हाताने लिहिलं.

आणि हिंदीत लिहिलं. तुम्ही सगळ्यांनी इंग्रजी सांगितलं, म्हणून मनाशी खूप तोललं. मग गुरुवारी कारखान्यात सरळ फोन लावला. ज्या बाई प्रस्ताव बघतात त्या बोलल्या. विचारलं, हिंदी चालेल का. म्हणाल्या, ताई, निवड समितीत शॉपफ्लोअरचे दोन लोक असतात, त्यांना उलट बरं पडेल, मुख्य कार्यालयासाठी अर्ध्या पानाचा इंग्रजी गोषवारा आम्ही करतो. एवढं विचारायला मी आठ दिवस घाबरत होते.

दोन पानं आणि तक्ता. निवृत्त साहेबांनी सांगितलं तसं पहिल्या अर्ध्या पानात सगळं. मिलची एक ओळ घातली. जनगणनेचा एकही आकडा नाही, फक्त आमच्या वहीतले. तीन महिन्यांत मोठ्या मुलींच्या गैरहजेरीच्या १४२ नोंदी, त्यांतल्या ९६ पुढे ‘नर्मदा’. काकांनी सांगितलं तसं पेन्सिलने दोनदा मोजलं.

५०० रुपये मोठ्या ताईंना दिले, वह्यांतली पानं टाइप करायला. त्या घेत नव्हत्या.

नवलखा_नितीन | रविवार, रात्री ९.४०

हिंदीचा धोका पत्करायला नको होता असं माझं मत. एका फोनवर विसंबून राहिलात. मिळालं तर मला आनंदच होईल.

बडोदेवाली_माई | रविवार, रात्री ९.५५

फुकटचं नोटबुकएलएम तरी वापरायचं होतं. पण फोन करायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही, हे खरं.

सीएसआर_समितीतून_निवृत्त | रविवार, रात्री १०.१०

वहीचं पान जोडलंत का?

रामबागची_ताई | रविवार, रात्री १०.२५

जोडलं. एका पानाची झेरॉक्स काढली, नावांच्या रकान्यावर कागदाची पट्टी ठेवून. शेवटचा रकाना पूर्ण दिसतो, ताईंच्या अक्षरात. सोमवारपासून पाण्याच्या दिवशी मुलींचा वर्ग साडेसातला घेतोय, पैसे येवोत न येवोत. इन्व्हर्टर नाही तोवर वीज गेली की माझ्या मोबाइलच्या उजेडात.